चिनी मालिका पाहायला सुरुवात करताना: साचे ओळखा, मग मालिका निवडा

चिनी मालिका बघायला घेतलेली मंडळी बहुतेक दोन ठिकाणी गळतात. पहिल्या तीन एपिसोडमध्ये, कारण कोण कोणाचा कोण ते कळत नाही. आणि विसाव्या-बाविसाव्या एपिसोडच्या आसपास, कारण तोवर नायिका दोनदा पडलेली असते, नायकाने एकदा रक्त ओकलेलं असतं आणि कोणाची तरी स्मृती गेलेली असते. "सगळं तेच तेच आहे" म्हणून माणूस बंद करतो.

तेच तेच असतं हे खरं आहे. चिनी मालिकांचे साचे, म्हणजे ज्याला आपण चाहते सरळ 'ट्रोप' म्हणतो, ते ठरलेले आहेत आणि प्रेक्षकालाही ते ठाऊक असतात. साचा आला म्हणून मालिका वाईट ठरत नाही. साचा वापरून झाल्यावर लेखक त्याची किंमत पात्रांकडून वसूल करतो का, यावर ती चांगली की वाईट ते ठरतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवून पाहायला बसलात तर चाळीस एपिसोडही जड जात नाहीत. बाकी तयारीसाठी खालच्या पायऱ्या.

पायरी १: आधी प्रकार ठरवा

नवखे लोक देखण्या नटाचा फोटो पाहून मालिका निवडतात आणि फसतात. आधी प्रकार ठरवा.

'वूशिया' म्हणजे तलवारबाजांचं जग: संप्रदाय, गुरू, गुरुबंधू, जुनी वैरं, राजसत्तेच्या बाहेर चालणारा न्याय. इथली माणसं माणसंच असतात, फक्त छपरांवरून उडतात. 'शियानशिया' त्याच्या पलीकडचं: देव, अमर साधक, राक्षसकुळं, हजारो वर्षांची आयुष्यं, साधनेनं वाढत जाणारी शक्ती. त्याची मुळं ताओ परंपरेतल्या अमरत्वाच्या कल्पनांत आहेत. पडद्यावर हा प्रकार रुजवण्यात १९९५ च्या एका तैवानी व्हिडिओ गेमवरून बनलेल्या २००५ च्या 'चायनीज पॅलाडिन'चा मोठा वाटा आहे. राजवाड्यातल्या मालिकांमध्ये एक सम्राट, अनेक राण्या आणि एका कपाच्या चहात मावणारं कारस्थान. घराण्यातल्या मालिकांत तोच संघर्ष वाड्याच्या आत: धर्मपत्नीची मुलं आणि उपपत्नीची मुलं. याखेरीज शाळा-कॉलेजचं प्रेम, शहरातल्या नोकरदारांचं जगणं, गुन्हेगारी आणि थरार हे प्रकार वेगळेच.

ज्याला ऐतिहासिक कादंबऱ्यांतलं राजकारण आवडतं, त्याने शियानशियाने सुरुवात केली तर तो चिडेल. ज्याला हलकंफुलकं प्रेम हवं आहे, त्याच्या हातात सत्तर एपिसोडचा राजवाडा दिला तर तो दमेल. आपली आवड आपल्याला माहीत असते, तिच्यावर विश्वास ठेवा.

पायरी २: पहिली मालिका लहान घ्या

आपल्याकडच्या रोजच्या मालिकेपेक्षा इथली रीत वेगळी आहे. चिनी मालिका साधारणपणे पूर्ण चित्रित होते, परवानगी मिळवते आणि मग प्रसारित होते. टीआरपी चढला म्हणून कथा वर्षभर ताणता येत नाही. शेवट पहिल्या दिवशीच ठरलेला असतो, आणि तो कितव्या एपिसोडला येणार हेही तुम्हाला माहीत असतं. फायदा घ्या: पहिली मालिका पंधरा एपिसोडच्या आतली निवडा.

माझी शिफारस 'रिसेट' (२०२२, १५ एपिसोड). एक कॉलेजकन्यका ४५ नंबरच्या बसमध्ये डुलकी घेते, बसमध्ये स्फोट होतो आणि ती पुन्हा त्याच बसमध्ये जागी होते. शेजारी बसलेला गेम बनवणारा तरुणही या फेऱ्यात ओढला जातो. प्रत्येक फेरीत दोघं एकेका प्रवाशाच्या सामानावर संशय घेतात, आणि प्रत्येक पिशवी उघडली की एक आयुष्य बाहेर येतं: टरबुजं घेऊन निघालेला माणूस, मुलीसाठी सॅनिटरी पॅड घेतलेला बाप, पाठीवरच्या पिशवीत मांजर लपवलेला मुलगा. कालचक्राचा साचा जगभर वापरून झालेला आहे. इथे तो चीनमधल्या शहरी गरिबीकडे पाहायची खिडकी होतो. राजे नाहीत, राण्या नाहीत, नावं कमी.

थरार सोसत असेल तर 'द बॅड किड्स' (२०२०, १२ एपिसोड). समुद्राकाठचं एक छोटं शहर, डोंगरावर घडलेला खून आणि कॅमेऱ्यात तो चुकून टिपणारी तीन मुलं. दिग्दर्शक शिन श्वांग. त्याचीच 'द लाँग सीझन' (२०२३, १२ एपिसोड) ईशान्य चीनमधल्या बंद पडत चाललेल्या कारखान्याच्या गावात घडते. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतल्या सर्वोत्तम चिनी मालिकांपैकी ती एक आहे, पण तिला दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवा; ती तीन काळांत उड्या मारते.

कुठे पाहायचं? नेटफ्लिक्सवर आणि 'विकी' (Viki) या स्ट्रीमिंग संकेतस्थळावर निवडक मालिका मिळतात, निर्मात्यांच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर भरपूर. सबटायटल बहुतांशी इंग्रजी. काही मालिका हिंदीत डब झालेल्या आहेत. वीटीव्ही हे अॅप नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ४३ अॅपच्या यादीत होतं, त्यामुळे परदेशातले चाहते ज्या अॅपचं नाव घेतात ते इथे शोधत बसू नका.

पायरी ३: नावांची वही ठेवा

हा सल्ला शाळकरी वाटेल, पण पहिल्या ऐतिहासिक मालिकेला कागद-पेन जवळ ठेवाच. आडनाव आधी येतं, नाव नंतर. ऐतिहासिक मालिकेत एका माणसाला जन्मनाव, मोठेपणी मिळालेलं सन्माननाव आणि वर पदवी अशी तीन नावं असू शकतात. 'द अनटेम्ड'चा (२०१९, ५० एपिसोड) एक नायक लान झान आहे, लान वांगजी आहे आणि हानग्वांग-जुनही आहे. सगळं जग त्याला सन्माननावानं किंवा पदवीनं हाक मारतं. दुसरा नायक वेई वूश्यान मात्र थेट 'लान झान' म्हणतो. या मालिकेत कोणी 'मला तू आवडतोस' म्हणत नाही. हाक ऐका, नातं कळेल.

याच मालिकेत आणखी एक खड्डा आहे आणि तो आधीच सांगते, कारण तिथेच बहुतेक लोक सोडतात. पहिले दोन एपिसोड वर्तमानात घडतात, माणसं ओळख करून न देता येतात-जातात, आणि तिसऱ्यापासून कथा मागे जाते ती जवळपास तीस एपिसोड तिथेच राहते. पहिल्या दोन एपिसोडमध्ये काहीच कळलं नाही तरी चालेल. पुढे जा. मालिका संपली की ते दोन पुन्हा पाहा.

वहीत नावांसोबत नातं लिहा आणि शक्य झालं तर कपड्याचा रंग. संप्रदायांचे आणि घराण्यांचे रंग ठरलेले असतात: लान कुळ पांढऱ्या-निळ्यात, जियांग कुळ जांभळ्यात, वेन कुळात लाल. चेहरे लक्षात राहायला लागेपर्यंत रंगावर काम भागतं.

पायरी ४: आवाज आणि सेटची सवय करा

पहिल्यांदा ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं वाटेल. तुम्हाला बरोबर वाटतंय. अनेक चिनी मालिकांत, विशेषतः ऐतिहासिक, नटाचा आवाज नंतर व्यावसायिक डबिंग कलाकाराने दिलेला असतो. झजियांग प्रांतातल्या हेंगदियान इथे जगातली एक प्रचंड चित्रनगरी आहे, तिथे बीजिंगच्या राजवाड्याची प्रतिकृतीसुद्धा उभी आहे. एकाच वेळी अनेक मालिकांची पथकं आणि पर्यटक यांची गर्दी असते, जागेवर स्वच्छ आवाज टिपणं अवघड. शिवाय नट वेगवेगळ्या प्रांतांतले, त्यांच्या बोलण्यात आपापला हेल. म्हणून डबिंग. 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'मध्ये (२०११, ७६ एपिसोड) सुन लीच्या झेन हुआनला आवाज जी ग्वानलिन या कलावतीचा आहे, आणि तो आवाज नसता तर ती भूमिका इतकी उंच गेली नसती असं मी ठामपणे म्हणेन. आता स्वतःच्या आवाजात बोलणाऱ्या नटांचं कौतुक वाढलंय, आणि ते योग्यच आहे.

हेंगदियानमुळे आणखी एक गोष्ट होईल: वेगवेगळ्या मालिकांत तेच अंगण, तोच पूल, तीच पायऱ्यांची रांग दिसेल. त्यावर चिडू नका. मला तर आता ती अंगणं ओळखीची झाल्याचा आनंद होतो.

पायरी ५: साचे शिकून घ्या

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा रेंगाळू.

आधी हे साचे इतके पक्के का झाले ते पाहू. गेल्या दोन दशकांतल्या बऱ्याच मालिका इंटरनेटवर हप्त्याहप्त्याने लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या आहेत. छिदियान आणि जिनजियांग ही त्यातली मोठी संकेतस्थळं. वाचक पुढच्या प्रकरणासाठी पैसे मोजतो, लेखकाला शब्दसंख्येच्या हिशोबाने मिळतात. साहजिकच प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का, प्रत्येक संकटानंतर मोठं संकट, प्रत्येक शत्रूच्या मागे आणखी बलाढ्य शत्रू. पडद्यावर दिसणारी ती चढत जाणारी शिडी तिथून आली आहे.

काही साचे मात्र कितीतरी जुने. कड्यावरून पडलेला माणूस मरत नाही, हे वूशियातलं सगळ्यात प्रसिद्ध सूत्र. जिन योंग यांच्या एका कादंबरीत नायिका दरीत उडी घेते आणि नायक सोळा वर्षांनी तिला तिथेच भेटतो. तेव्हापासून मृतदेह दिसत नाही तोवर कोणालाही मेलेलं धरू नये. मुलीने पुरुषवेष घेतला की समोर उभ्या असलेल्या कोणालाच तिची ओळख पटत नाही, हेही तसंच. डोळ्यांना ते पटत नाही, पण लियांग शानबो आणि झू यिंगताई यांच्या लोककथेत मुलगी पुरुषवेषात शिकायला जाते आणि सहाध्यायी तिच्यावर जीव टाकतो. पारंपरिक रंगभूमीवर ही कथा पिढ्यान्‌पिढ्या खेळली गेली. वेष म्हणजे ओळख, हा त्या रंगभूमीचा करार मालिकांनी पुढे चालवला. मला हा साचा आवडतो, कारण पुरुषवेषात मुलीला जे बोलता येतं ते एरवी येत नाही. लेखकाने त्या बोलण्यासाठी तो वापरला असेल तर उत्तम. फक्त पडता पडता नायकाने कमरेला धरून गोल फिरवावं म्हणून वापरला असेल तर मी तो भाग पुढे ढकलते.

स्मृती जाणे. याबद्दल चाहत्यांमध्ये सर्वांत जास्त राग आहे, आणि तो बहुतेक वेळा रास्त असतो. दोघं एकत्र आले की अजून बारा एपिसोड भरायचे असतात, मग कोणीतरी डोक्यावर पडतं. पण 'इटर्नल लव्ह' (२०१७, ५८ एपिसोड) पाहा. यांग मीची नायिका मर्त्यलोकातल्या जन्मात इतकं सोसते की आपल्या खऱ्या रूपात परतल्यावर ती स्वतःच विसरायचं औषध मागून घेते. तिला आठवत नाही, त्याला सगळं आठवतं, आणि पुढची कितीतरी वर्षं ते ओझं तो एकटा वाहतो. इथे स्मृती जाणं हा निर्णय आहे आणि त्याची किंमत आहे. वर सांगितलेली कसोटी लावली की दोन्हींतला फरक लगेच दिसतो.

शियानशियातलं 'संकटातून जाणं' हेही समजून घ्या. अमर साधकाला वरच्या पायरीवर जायचं तर परीक्षा द्यावी लागते: कधी आकाशातून कोसळणाऱ्या विजा, कधी मर्त्य माणूस होऊन एक पूर्ण दुःखी आयुष्य जगणं. नायक-नायिका तीन-तीन जन्म का भोगतात याचं उत्तर तिथे आहे. हे माहीत नसेल तर मध्येच मालिका बदलल्यासारखी वाटते.

जादूची गाठ, म्हणजे एकाला लागलं की दुसऱ्याला दुखतं, हा साचा 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल'मध्ये (२०२२, ३६ एपिसोड) अतिशय नेटका बसलाय. कैदेतून सुटलेला, भावना उपटून टाकलेला राक्षसराज आणि नियतीच्या वह्या सांभाळणारी एक दुबळी वनदेवी. तिला खरचटलं तरी त्याला कळ येते, म्हणून तो तिला जपतो. आधी स्वतःसाठी. हळूहळू कारण बदलतं, आणि ज्याला रडणं म्हणजे काय ठाऊक नाही तो तिच्या दुःखाने रडतो. नट दिलान वांग याने हे सगळं मानेच्या आणि भुवयांच्या जोरावर पेललंय. शियानशियाची पहिली मालिका म्हणून हीच घ्या.

सूडाची कथा मात्र माझी सर्वांत लाडकी. 'निर्वाणा इन फायर' (२०१५, ५४ एपिसोड): बारा वर्षांपूर्वी खोट्या आरोपाखाली सत्तर हजारांची सेना मारली गेली; वाचलेला सेनापतीचा मुलगा चेहरा बदलून, शरीर खंगलेलं, दुसऱ्या नावाने राजधानीत परततो. त्याला तलवार उचलता येत नाही. तो फक्त विचार करतो, चहा पितो, खोकतो आणि एकेक सोंगटी हलवतो. त्याला सिंहासन नको, न्यायालयात खटला पुन्हा उभा राहायला हवाय. मेई चांगसूची भूमिका हू ग याने केली आहे; २००६ मधल्या मोटार अपघातात त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याला गंभीर इजा झाली होती, हे ठाऊक असल्यावर आरशासमोरचे प्रसंग आणखी आत जातात. या मालिकेत खाण्याच्या डब्यातल्या एका पदार्थाच्या असण्या-नसण्यावरून एक आई काय ओळखून बसली आहे ते कळतं. कोणी ते बोलून दाखवत नाही. असे तपशील पाहायला सावकाश पाहा.

सूडाचा विषय निघालाच आहे तर एक जोड सांगते. चिनी दूरदर्शनची १९८६ ची २५ एपिसोडांची 'जर्नी टू द वेस्ट' तिथल्या मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी सुटीत पाहिली. त्यातला भिक्षू ज्याच्यावरून घेतला तो ह्युएन त्संग सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडे, येऊन गेला होता. इथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की ते उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत आणि सूड घ्यायचा झाला तर शत्रूला आधी कळवतात. मेई चांगसू आधी कळवत नाही. बाकी दोन गोष्टी त्याला तंतोतंत लागू पडतात.

उरलेले साचे भराभर. 'थोबाडीत' साचा: नायिकेला हलकं लेखणाऱ्याचं भरसभेत नाक कापणं, 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस' (२०१८, ७० एपिसोड) जवळजवळ सगळी त्यावर चालते आणि बहिणीच्या मृत्यूचा छडा लावायला राजवाड्यात शिरलेली वेई यिंगलुओ मनापासून आवडते. रुक्ष कंपनीमालक आणि धडपडी मुलगी: मला हा प्रकार सोसवत नाही, मनगट धरून ओढत नेण्याला प्रेम म्हणणं आता तरी थांबायला हवं. 'तुझ्या भल्यासाठी तुला सोडतो': पहिल्यांदा मान्य, दुसऱ्यांदा लेखकाचा आळस. 'आधी लग्न मग प्रेम': योग्य हातात गोड. लहानपणी एकदा भेटलेले असणं: जवळपास प्रत्येक प्रेमकथेत, त्यामुळे त्यावर विचार करू नका.

पायरी ६: नियम माहीत असू द्या

काही गोष्टी कथेच्या गरजेतून येत नाहीत, सरकारी नियमांतून येतात. हे ठाऊक नसेल तर लेखकावर उगाच राग निघतो.

२०११ मध्ये नियामक संस्थेने भूतकाळात जाणाऱ्या कथांवर नापसंती जाहीर केली. इतिहासाशी खेळ होतो असं कारण. त्याच वर्षी आलेली 'स्कार्लेट हार्ट' (३५ एपिसोड), जिच्यात आजची मुलगी सम्राट कांगशीच्या दरबारात राजपुत्रांच्या भांडणात जाऊन पडते, ही त्या लाटेची शिखरावरची मालिका. पुढे लेखकांनी वाटा शोधल्या. 'जॉय ऑफ लाइफ' (२०१९) सुरू होते तीच एका विद्यार्थ्याच्या कादंबरीच्या कल्पनेने. म्हणजे पुढचं सगळं त्या कादंबरीत घडतं, खरोखर कोणी काळ ओलांडत नाही. ही चौकट पाहून गोंधळू नका, दहा मिनिटांत ती मागे पडते आणि एक अतिशय हुशार राजकीय मालिका सुरू होते.

फेब्रुवारी २०२० च्या सूचनेनुसार मालिका चाळीस एपिसोडांच्या आत असाव्यात, तीसच्या आत असल्या तर उत्तम, असं ठरलं. त्यामुळे जुन्या मालिकांचे ७६ आणि ८७ आकडे गेले. चांगलं झालं. पण मोठ्या कथांचे दोन भाग पडू लागले: 'लॉस्ट यू फॉरएव्हर'चा पहिला भाग २०२३ मध्ये ३९ एपिसोडांचा आणि दुसरा २०२४ मध्ये २३ चा. असं काही पाहायला घेण्याआधी दुसरा भाग आहे का ते तपासा.

गुन्हेगाराला शिक्षा व्हावीच लागते. पोलीस शेवटी पोहोचतात. म्हणून 'द बॅड किड्स'सारख्या मालिकेत शेवटचे प्रसंग दोनदा पाहा. वरवर सगळं सुरळीत दिसतं आणि खाली दुसरीच कथा वाहत असते. पुरुषांमधल्या प्रेमाच्या कादंबऱ्या पडद्यावर जिवलग मैत्री होऊन येत. 'द अनटेम्ड' आणि 'वर्ड ऑफ ऑनर' (२०२१) ही त्यातली गाजलेली नावं. त्यानंतर अशा रूपांतरांचा रस्ता जवळजवळ बंद झाला. ती बंदी मला मनापासून खटकते. या मालिकांतल्या नजरा आणि हाका इतक्या जपून रचलेल्या आहेत की संयमातूनही काय उभं राहतं ते दिसतं, पण संयम निवडलेला असावा, लादलेला नव्हे.

पायरी ७: कधी सोडायचं ते ठरवा

माझा नियम सहा एपिसोडांचा. सहापर्यंत एकाही पात्राची काळजी वाटली नाही तर बंद करा. ऐतिहासिक आणि राजकीय मालिकांना आठ द्या.

वेग वाढवून पाहण्याची सवय चीनमध्येही मोठी आहे. सबटायटल वाचायचं असेल तर ते करू नका, चेहरे सुटतात. त्याऐवजी आठवणींचे तुकडे पुढे ढकला. तेच चुंबन, तोच पाऊस, तीच उडी, मागे गाणं: हे आलं की दहा सेकंदांचं बटण दाबा. दुय्यम जोडीची कथा कंटाळवाणी असेल तर तीही गाळा, मुख्य धागा क्वचितच तुटतो.

आणि शेवटाबद्दल आधीच तयारी ठेवा. पस्तीस एपिसोड बांधलेली मालिका शेवटच्या दोनात गडबडीने गुंडाळली जाणं हे चिनी चाहत्यांचं जुनं दुखणं आहे. कुटुंबाच्या मालिकांत दुखणं वेगळं असतं: शेवटी सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायची घाई. 'ऑल इज वेल' (२०१९, ४६ एपिसोड) ही सुजौ शहरातल्या एका घराची कथा. मुलाच्या शिक्षणासाठी आईने घरातल्या खोल्या विकल्या आणि मुलीला मात्र जवळची फुकटातली कॉलेजवाट दाखवली. ती मुलगी कर्तबगार झाली, आई गेली, आणि हट्टी बाप तिन्ही भावंडांच्या गळ्यात पडला. नी दाहोंग यांनी तो बाप असा उभा केलाय की राग आणि हसू एकदम येतं. मराठी घरात वाटणीचं बोलणं ज्यांनी ऐकलंय त्यांना एकही प्रसंग परका वाटणार नाही. शेवटचा समेट मला पटला नाही. पहिल्या चाळीस एपिसोडांसाठी मी तरीही ती सर्वांना सांगते. याच्या उलट 'गो अहेड' (२०२०): नूडल्सचं छोटं दुकान चालवणारा एक बाप, त्याची मुलगी आणि रक्ताचं नातं नसलेली दोन मुलं. स्वयंपाकघरात उभं राहून तिघांना भरवणारा हा पुरुष चिनी मालिकांनी दिलेल्या सर्वांत सुंदर पात्रांपैकी एक आहे.

आत्ता काय चाललंय

नायिका बदलली आहे, आणि याचा मला सर्वांत जास्त आनंद आहे. पूर्वीची भोळी, सतत वाचवली जाणारी मुलगी मागे पडतेय. 'अ ड्रीम ऑफ स्प्लेंडर'मध्ये (२०२२, ४० एपिसोड) सोंग काळातल्या तीन बायका मिळून चहाचं दुकान काढतात आणि धंद्याचं गणित प्रेमाइतकंच रंगतं. 'द डबल'मध्ये (२०२४, ४० एपिसोड) नवऱ्याने जिवंत गाडलेली बाई दुसरीच्या नावाने परतते. दुसरी स्त्री म्हणजे खलनायिका, हे समीकरणही ढिलं होतंय. मैत्रिणी मैत्रिणी राहू लागल्यात.

दुसरा चांगला बदल म्हणजे जागा. 'मीट युवरसेल्फ' (२०२३) युन्नानमधल्या दालीला, 'टू द वंडर' (२०२४, फक्त ८ एपिसोड) शिनजियांगमधल्या अल्ताईच्या कुरणांत, 'ब्लॉसम्स शांघाय' (२०२३ अखेर, ३० एपिसोड) नव्वदच्या दशकातल्या शांघायच्या शेअरबाजारात आणि हॉटेलांच्या रस्त्यावर. त्यातली शेवटची हाँगकाँगचे चित्रपट-दिग्दर्शक वाँग कार-वाय यांची आहे. पहिले दोन-तीन एपिसोड चमचमाट जास्त वाटेल, मग माणसं दिसू लागतात.

तिसरा बदल मोबाइलवरच्या उभ्या, मिनिट-दोन मिनिटांच्या मालिकांचा. वर सांगितलेले सगळे साचे तिथे तासाभरात कोंबलेले असतात: अपमान, ओळख लपवलेला श्रीमंत, थोबाडीत, माफी. त्यांचा धंदा प्रचंड आहे. नवख्याने त्यांनी सुरुवात करू नये, कारण साच्याची किंमत चुकवायला तिथे वेळच नसतो आणि चिनी मालिका म्हणजे एवढंच असा समज होतो.

पुढचा क्रम

पहिली 'रिसेट'. तिच्यानंतर आवडीप्रमाणे एक वळण: प्रेम हवं असेल तर 'हिडन लव्ह' (२०२३, २५ एपिसोड), अद्भुत हवं असेल तर 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल', घर हवं असेल तर 'गो अहेड'. तिसरी 'निर्वाणा इन फायर', वही जवळ घेऊन, रोज दोन एपिसोडांपेक्षा जास्त नको. पहिल्या पाचांत दमायला होईल, सहाव्यापासून सोडवणार नाही. मग 'द अनटेम्ड' किंवा 'जॉय ऑफ लाइफ'.

'एम्प्रेसेस इन द पॅलेस' शेवटी ठेवा. मूळ कादंबरी काल्पनिक राजवटीतली आहे. मालिकेने ती सम्राट योंगझेंगच्या काळात आणून बसवली, आणि दिग्दर्शक झेंग श्याओलोंग यांनी राजवाड्याची झगमग दाखवतानाच तो तुरुंग कसा आहे ते ७६ एपिसोड सांगितलं. इथे वेग नाही. बसण्याची जागा, मुजऱ्याची खोली, भेट म्हणून पाठवलेलं कापड, सगळ्याला अर्थ आहे. पहिल्या एपिसोडमध्ये निवडीला आलेल्या तीन मुली लक्षात ठेवा आणि वहीत त्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहा: झेन हुआन, शेन मेईझुआंग, आन लिंगरोंग. हुद्दे वाढतील तशा त्यांच्या पदव्या बदलत जातील, आणि सबटायटलमध्ये पुढे कित्येकदा नुसती पदवीच दिसेल.